उशीवरचं रक्त

उशीवर रक्त होतं. फार नव्हतं. रुपयाएवढा एक डाग आणि त्याच्या कडेला लाळेत मिसळलेली फिकट तांबडी रेघ. मी शशीला कुशीवर वळवलं आणि त्याचा ओठ खाली ओढून पाहायला गेले, तर त्यानं मान झटकली आणि तोंड भिंतीकडे केलं.

"मामा," मी हाक मारली, "इकडे या जरा. हे काय आहे?"

काशीदमामा नुकतेच आले होते. वहाणा काढून ते आत आले, उशी उचलून अगदी डोळ्यांजवळ धरली.

"हिरडीतनं आलंय, बाई. मी मागंच बोललो हुतो तुमाला. एकदा दाताच्या डाक्टरला दावून आणा त्याला."

"तेव्हा थोडं येतं म्हणाला होतात."

"तवा थोडंच येत हुतं."

एवढं बोलून त्यांनी उशीचा अभ्रा काढला आणि मोरीत भिजत घातला. मी उभीच राहिले. अभ्रा इतक्या घाईनं भिजवायची काय गरज होती, हा विचार त्याच क्षणी माझ्या मनात आला.

ही दोन हजार तीन सालची गोष्ट. आम्ही तेव्हा कराडला राहत होतो. शशी माझा धाकटा भाऊ, त्या वर्षी चौतिसाचा. जन्मताना त्याच्या मेंदूला इजा झाली होती. हात धरला तर चालायचा, भरवलं तर जेवायचा, पण बोलता येत नसे. आनंद झाला की "आऽऽ" आणि दुखलं-खुपलं की "ऊंऽऽ", एवढीच त्याची भाषा. सातव्या वर्षापासून फिट्स येत, त्याच्या गोळ्या चालू होत्या. आईनं तीस वर्षं त्याचं सगळं केलं. ती गेली तेव्हा मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. लग्न केलं नव्हतं, करायचंही नव्हतं. अकरा ते पाच शशीजवळ बसेल असा माणूस हवा होता. आमच्याच शाळेतल्या पोतदारसरांनी काशीदमामांचं नाव सुचवलं.

मामा साठीचे होते. चाळीस वर्षं त्यांनी सलूनमध्ये काम केलं होतं. नजर अधू झाली तसा त्यांनी वस्तरा ठेवला आणि लेकीकडे ओगलेवाडीला राहायला आले. सकाळी आठला यायचे, शशीचं दात घासणं, आंघोळ, दाढी, जेवण सगळं करायचे आणि मी शाळेतून आले की जायचे. चार वर्षं हे सुरळीत चाललं होतं.

पण आईचे शब्द माझ्या डोक्यात पक्के बसले होते. शेवटच्या आजारात ती एकदा म्हणाली होती, "हेमा, त्याला सांगता येत नाही गं. कुणी मारलं तरी सांगता येणार नाही. डोळे उघडे ठेव."

मी डोळे उघडे ठेवले. त्या उशीनंतर तर जरा जास्तच.

आता एकेक गोष्ट दिसायला लागली. मामा ताट घेऊन आले की शशी तोंड फिरवायचा. माझ्या हातून दोन घास खायचा, मग माझ्याही हातून खाईना. गालाला हात लावू द्यायचा नाही. एके दिवशी मला घरून निघायला उशीर झाला, तेव्हा मामा शशीला न्हाणीघरात घेऊन गेले आणि आतून दार लावून घेतलं.

"दार कशाला लावता, मामा?"

"उघडं असलं की त्याचं ध्यान उडतं, बाई. रस्त्यावरनं गाडी गेली तरी दचकतंय."

उत्तर तयारच होतं. मला ते जास्तच तयार वाटलं.

त्याच आठवड्यात शेजारच्या नाईकवहिनींनी मला फाटकाशी थांबवलं. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत होती.

"हेमाताई, सांगू की नको असं झालंय मला," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "काल दुपारी शशी फार ओरडत होता हो."

"किती वाजता?"

"दोनच्या सुमारास. मी हाक मारली, तर तुमचे ते मामा खिडकीत आले आणि म्हणाले, काही नाही, झोपेत ओरडतोय. झोपेत कुणी असं ओरडतं का?"

मी मान हलवून फाटक लावून घेतलं. पण शाळेत नववीच्या वर्गात फळ्यावर दातांची आकृती काढता काढता मी मध्येच थांबले. सुळा, उपदाढ, दाढ. मामांनी हिरडीचं मला आधीच का सांगून ठेवलं होतं? उद्या तोंडातून रक्त आलेलं मला दिसेल, तेव्हा विचारायची वेळ येऊ नये म्हणून? माणूस हुशार असेल तर असंच करेल. मीही असंच केलं असतं.

एकदा असा विचार करायला लागलं की सगळंच त्यात बसत जातं. मामा शशीला "राजा" म्हणायचे, तेही मला आता ढोंग वाटायला लागलं.

पुढच्या सोमवारी संस्थेचे एक माजी अध्यक्ष वारले आणि शाळा बाराला सुटली. मी घरी मुद्दाम पुढच्या दारानं गेले नाही. मागच्या बोळातून आले. चपला बाहेरच काढल्या. घरात सामसूम होती. न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं, आतून पाण्याचा आवाज येत होता. मी दार ढकललं.

मामा पाटावर बसले होते. शशी त्यांच्यापुढे जमिनीवर, पाठमोरा. दोन्ही गुडघ्यांमध्ये त्यांनी त्याचे खांदे धरले होते आणि त्याचं डोकं मागे घेऊन मांडीवर ठेवलं होतं. एक तळवा हनुवटीखाली, दुसऱ्या हाताची बोटं तोंडात. शशीच्या हनुवटीवरून तांबडा फेस गळत होता. त्याचे डोळे मिटलेले होते. तो ओरडत नव्हता. मला वाटलं, भीतीनं गप्प झालाय.

"सोडा त्याला!"

मामा दचकले. त्यांच्या हातातून ब्रश पडला.

"बाई, दातच घासतुया—"

"बाराला? दात सकाळी घासतात."

"जेवला की परत घासतो मी. घास दाढंत अडकून राहतुया, मग त्याला—"

"असं गुडघ्यांत आवळून? रक्त येईपर्यंत?"

"आवळलं न्हाई, बाई. इचारा त्याला."

त्याला विचारा! बोलता न येणाऱ्या माणसाला! मला तो उर्मटपणा वाटला. मी शशीला उठवलं, त्याचं तोंड टॉवेलनं पुसलं आणि मामांना म्हटलं, "तुम्ही उद्यापासून येऊ नका. आज जा, आत्ताच जा."

त्यांनी वाद घातला नाही. कोपऱ्यातली पिशवी घेतली, मागच्या दाराची किल्ली टेबलावर ठेवली. उंबऱ्याशी थांबून एवढंच म्हणाले, "दात दावा त्याचा. माझं ऱ्हाऊ द्या."

ते गेल्यावर शशी दारापर्यंत सरपटत गेला आणि "ऊंऽऽ" करत राहिला. मी स्वतःला सांगितलं, सवय आहे, जाईल हळूहळू.

मी महिन्याची रजा घेतली. त्याच आठवड्यात पोतदारसरांचा फोन आला. त्यांच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता आणि ते काशीदमामांना ठेवायच्या विचारात होते.

"तुमच्याकडचं सोडलं म्हणे त्यांनी. काही विशेष?"

"सर, स्पष्टच सांगते. ठेवू नका," मी म्हणाले. "हात उचलतात."

"अरेरे," सर म्हणाले. "माणूस वरून तसा वाटत नाही."

"वरून कुणीच तसा वाटत नाही, सर."

नाईकवहिनींनाही मी तेच सांगितलं. हे मी कुणाचा सूड म्हणून केलं नव्हतं. आपण आणखी एका असहाय माणसाला वाचवलं, असं मला मनापासून वाटत होतं, आणि त्या रात्री मला शांत झोप लागली.

शशीचं सगळं आता मीच करू लागले. दाढी मात्र मला जमत नव्हती. तीन आठवडे ती तशीच वाढली. शेवटी एक दिवस धीर करून साबण लावला आणि जपून खरडली. गालावरचा फेस निघाला आणि माझा हात थांबला.

जबड्याच्या उजव्या बाजूला, कानाखाली, काळेनिळे डाग होते. तीन स्पष्ट आणि एक पुसट. डाव्या बाजूला एक, मोठा. कुणीतरी चिमट्यात धरल्यासारखा जबडा धरला होता. आणि डाग जुने नव्हते.

मी खुर्चीवर बसले. मामा जाऊन तीन आठवडे झाले होते. म्हणजे ते अजून येत होते! मी भाजीला जायचे, बँकेत जायचे, अर्धा-पाऊण तास शशी एकटा असायचा. किल्ली त्यांनी परत केली होती, पण दुसरी करून घेतली नसेल कशावरून?

त्याच दिवशी मी मागचं कुलूप बदललं. बाजारात जाताना मागच्या उंबऱ्याशी गव्हाचं पीठ भुरभुरून जायला लागले. परत आले की वाकून पाहायचे. एकदा मांजराची पावलं उमटली होती. बाकी काही नाही. तरी चार दिवसांनी शशीच्या दंडावर नवा डाग दिसला.

मग माझं लक्ष नाईकवहिनींकडे गेलं. पुढच्या दाराची एक किल्ली आईच्या वेळेपासून त्यांच्याकडे होती. मी ती मागून घेतली.

"अहो, पण का? अडीअडचणीला असू दे की," त्या म्हणाल्या.

"नको, वहिनी."

त्या माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहत राहिल्या. मी ती नजरही लक्षात ठेवली.

आता हे सांगताना मला कळतं की त्या दिवसांत मी एकच गोष्ट पाहिली नव्हती. पण तेव्हा खरोखरच ती माझ्या मनाला शिवलीही नाही. दात घासताना शशी तोंड उघडत नसे. मान हलवायचा, हात झाडायचा. मी सकाळ-संध्याकाळ त्याच्यासमोर उभी राहून कसंबसं ते उरकून घ्यायचे, कारण आईनं कधी दात घासल्याशिवाय त्याला ठेवलं नव्हतं. ते काम होतं, करायचं होतं, करत होते. त्यापलीकडे त्याचा विचारच केला नाही.

पाचव्या आठवड्यात शशीचा गाल सुजला. अंगात ताप आला. दोन दिवस त्यानं पेजेशिवाय काही घेतलं नाही. कराडातल्या एका दंतवैद्यांकडे नेलं. शशी खुर्चीत बसायला तयार होईना, त्यानं त्यांच्या मदतनीस मुलीच्या हाताला ओरबाडलं. डॉक्टर हात धूत म्हणाले, "हे आमच्याकडे होणार नाही, मॅडम. तुम्ही सांगलीला डॉ. मुजावरांना दाखवा. त्या अशा पेशंट्सचं बघतात."

डॉ. रुबिना मुजावर लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टर होत्या. भिंतींवर निळे-पिवळे मासे रंगवलेले. चार-पाच वर्षांची पोरं बसायच्या बाकावर आमचा चौतीस वर्षांचा, सहा फुटी शशी. समोरच्या एका बाईनं आपलं पोर जवळ ओढून घेतलं.

डॉक्टर पस्तिशीच्या असतील. बाहेर येऊन त्या शशीशेजारी बाकावर बसल्या आणि पाच मिनिटं काहीच केलं नाही. आपलं नाव सांगितलं, हातातला छोटा आरसा त्याच्या तळहातावर ठेवला. शशी त्यात पाहत राहिला.

"यांना खुर्ची नको," त्या म्हणाल्या. "खाली सतरंजीवर बसू."

आत खाली बसून त्यांनी टॉर्चनं त्याचं तोंड पाहिलं, जेवढं तो पाहू देईल तेवढं. मग त्याचा चेहरा हलकेच डावीकडे वळवला. उजवीकडे वळवला. बाही वर करून दंड पाहिला. माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता.

"घरी आणखी कोण असतं?"

"कुणी नाही. मी आणि हा."

"हे डाग कशाचे आहेत?"

मला सुटल्यासारखं वाटलं. शेवटी कुणीतरी विचारलं होतं. मी सगळं सांगितलं. काशीदमामा, उशी, बंद दार, गुडघ्यांत धरलेलं डोकं, तांबडा फेस. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"त्यांना काढून किती दिवस झाले?"

"पाच आठवडे."

"हे डाग चार-पाच दिवसांपलीकडचे नाहीत."

"तेच तर! मी कुलूपसुद्धा बदललं. कुणीतरी येतंय, डॉक्टर. माझ्या शेजारणीवर मला—"

"बाई," त्या म्हणाल्या. मी शिक्षिका आहे हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं, पण बहुधा दिसत असावं. "यांचे दात रोज कोण घासतं?"

"आता मीच."

"कसे घासता, मला दाखवाल?"

त्यांनी खोक्यातून नवा ब्रश काढून माझ्या हातात दिला. मला राग आला. मी इतकं गंभीर काही सांगतेय आणि ही बाई मला दात घासायला शिकवणार? त्या माझ्यावरच संशय घेत होत्या, हे माझ्या लक्षात आलं आणि मी आणखी ताठ झाले. बघा म्हटलं, काय बघायचं ते.

मी रोजच्यासारखी शशीच्या समोर गुडघ्यांवर उभी राहिले. उजव्या हातात ब्रश घेतला. डावा हात त्याच्या जबड्याकडे नेला.

शशीनं डोळे घट्ट मिटले. खांदे वर घेतले, मान आत ओढली.

माझी बोटं त्याच्या उजव्या गालावर टेकली, अंगठा डाव्या. चार बोटं बरोबर चार डागांवर पडली. करंगळी त्या पुसट डागावर. अंगठा त्या मोठ्यावर. कुणी माप घेऊन ठेवल्यासारखी.

मी हात काढला नाही. काढताच आला नाही. बाहेरच्या खोलीत एक मूल रडत होतं, त्याची आई त्याला समजावत होती.

शेवटी मी म्हटलं, "दंडावरचे?"

"तो हात वर करत असेल. तुम्ही धरत असाल."

धरत होते. रोज धरत होते.

"मी मारलं नाही त्याला," मी म्हणाले. "कधीच नाही."

"मला माहीत आहे. मघाशी माहीत नव्हतं, म्हणून बघावं लागलं," त्या म्हणाल्या आणि ब्रश माझ्या हातातून हळूच घेतला. "फिटच्या काही गोळ्यांनी हिरड्या वाढतात. यांच्या अर्ध्या दातांवर चढल्यात. अशा हिरडीला नुसता ब्रश लागला तरी रक्त येतं. झोपेतसुद्धा येतं. आणि खालची एक दाढ हिरडीच्या आतून किडलीय, तिथे पू झालाय. फार दुखत असणार. दोन-तीन महिन्यांपासून तरी."

दोन-तीन महिने. ताट पाहून फिरवलेलं तोंड, दुपारचं ओरडणं, सगळं त्या दोन-तीन महिन्यांतलं होतं.

"आणखी एक सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "हिरड्या इतक्या वाढलेल्या पेशंटचे दात मी नेहमी बघते. त्यांच्यावर वर्षानुवर्षांचा दगडासारखा थर असतो. यांच्या दातांवर तो नाही. आहे तो अलीकडचा, मऊ. महिन्याभरापूर्वीपर्यंत कुणीतरी हे दात रोज घासलेत, अगदी मागच्या दाढांपर्यंत. आणि तुम्ही जे वर्णन केलंत ना, मागे बसायचं, डोकं मांडीवर घ्यायचं, हनुवटीखाली तळवा… आम्ही आईवडिलांना नेमकं तेच शिकवतो. त्यात आवळावं लागत नाही. डोक्याला आधार मिळाला की पेशंट शांत होतो. त्या माणसाला हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "ते न्हावी होते."

पुढच्या आठवड्यात शशीला भूल देऊन दाढ काढली, वाढलेली हिरडी छाटली. मेंदूच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या. चौथ्या दिवशी शशीनं वाटीभर दहीभात खाल्ला आणि "आऽऽ" म्हणाला. डॉ. मुजावरांनी बजावलं होतं की रोज नीट घासलं नाही तर हिरड्या पुन्हा वाढतील.

शशीला नाईकवहिनींकडे बसवून मी ओगलेवाडीला गेले. त्याआधी त्यांची किल्ली त्यांना परत दिली आणि काय झालं तेही सांगितलं. घर शोधायला वेळ लागला नाही. काशीदमामा ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. त्यांची लेक सिंधू आत होती, दारात वर्षभराची नात रांगत होती.

मामांनी मला जवळ येईपर्यंत ओळखलं नाही. ओळखल्यावर उठून उभे राहिले.

"शशीदादा बरा हाय न्हवं?"

मी वाटेत बरंच काही ठरवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना. "दाढ किडली होती, मामा," मी म्हणाले. "तुम्ही सांगत होता तेच होतं. मी चुकले. तुमच्यावर नाही नाही ते घेतलं. मला माफ करा."

ते शेंगांच्या सुपाकडे पाहत राहिले. नात रांगत त्यांच्या पायाशी आली. ते वाकले, आणि आतून सिंधू झपाट्यानं बाहेर आली, पोरीला उचलून कडेवर घेऊन आत गेली. मामा तसेच वाकलेले राहिले, मग हळूच सरळ झाले.

मला काय दिसलं ते मला लगेच उमगलं.

"पोतदारसरांच्या शाळंतल्या शिपायाचं घर हितंच हाय, मागल्या आळीला," मामा म्हणाले. "त्यानं आणली बातमी. जावई तवापास्नं पोरीला माझ्यापाशी एकटी ठेवू देत न्हाई. त्याचं तरी काय चुकलं? तुमच्यासारखी शिकलेली बाई सांगतीया." त्यांनी एक शेंग उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "मला नका सांगू, बाई. मला ठाऊकच हुतं. तिला सांगा."

सिंधू आतल्या दाराशी उभी होती. मी आत गेले. तिला सगळं सांगितलं, डागांचंही. माझी बोटं कुठे पडली तेही. ती माझ्या हातांकडे पाहत होती.

"मग तुम्ही पोतदारांना जाऊन सांगितलं का?" तिनं विचारलं.

"इथून तिकडेच जाणार आहे."

"आन आमच्या ह्यांना?"

"ते कधी येतात?"

"सहाला."

"मग मी सहापर्यंत थांबते."

तिनं चुलीपाशी जाऊन चहाचं आधण ठेवलं. पोरीला मात्र तिनं खाली ठेवलं. पोर सरळ ओट्याकडे गेली आणि आजोबांच्या मांडीवर चढून बसली. मामांनी तिला धरलं नाही. दोन्ही हात बाजूला ठेवून तसेच बसून राहिले, जणू विचारल्याशिवाय हात लावायची सवयच गेली होती. मग सिंधूच आतून ओरडली, "आप्पा, धरा की तिला, पडंल!"

तेव्हा त्यांनी नातीला धरलं.

सहापर्यंत मी त्या घरात बसले. त्या वेळात मामांनी मला दात घासायला शिकवलं. स्वतः नाही. "तू बस," ते सिंधूला म्हणाले. सिंधू पाटावर बसली, मी तिच्यापुढे जमिनीवर, पाठमोरी. तिनं माझं डोकं मागे घेऊन मांडीवर ठेवलं.

"हनुवटीखाली हात नुस्ता ठेव. धरू नगंस. डोस्कं तुझ्या अंगावर आपसूक जड झालं पायजे. तवर तोंडाला हात लावायचा न्हाई," मामा ओट्यावरून सांगत होते. "आता उघडा तोंड, बाई."

मला उघडता येईना. परक्या बाईच्या मांडीवर डोकं, वर कौलं, आणि तिचा चेहरा उलटा. दात एकमेकांवर घट्ट बसले होते. मी पंचेचाळीस वर्षांची बाई, सगळं समजत असून घाबरले होते.

"घाई न्हाई," मामा म्हणाले. "थांब तशीच, सिंधे."

ती थांबली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग माझं डोकं जड झालं.

सहाला जावई आला, त्यालाही मी सगळं सांगितलं आणि तिथून पोतदारसरांकडे गेले. मामा पुन्हा आमच्याकडे कामाला आले नाहीत. मी विचारलं होतं, ते नको म्हणाले. पोतदारसरांनी त्यांना बोलावलं, पण तोवर त्यांच्या वडिलांना दुसरा माणूस मिळाला होता. वर्षभर मामांना कुठेच काम मिळालं नाही. ते माझ्यामुळे, हे मी इथे लिहून ठेवते. शशी मात्र दीड-दोन महिन्यांत माझ्या मांडीवर डोकं टाकायला शिकला. पुढे पुढे तर ब्रश पाहिला की आपणहून जमिनीवर बसायचा.

तो अकरा वर्षांनी गेला, न्यूमोनियानं. दहाव्याच्या आदल्या दिवशी घरात बरीच माणसं होती. काशीदमामाही आले होते. आता त्यांना जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. सिंधू त्यांना हाताला धरून घेऊन आली आणि ते दाराजवळच्या खुर्चीवर बसले. माझी एक लांबची मावसबहीण डोळे पुसत म्हणाली, "किती सोसलं हो बिचाऱ्यानं. मध्ये कुणी नोकर होता ना, तो मारायचासुद्धा म्हणे."

एवढ्या वर्षांनी! नाईकवहिनींनी मान खाली घातली. मी दाराकडे पाहिलं. मामांनी ऐकलं होतं.

"नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "त्यांनी कधी मारलं नाही. शशीच्या अंगावर डाग होते ते माझ्या हाताचे होते. आणि ज्यांच्याबद्दल तू बोलतेस ते हे समोर बसलेत. त्यांनी त्याचे दात वाचवले."

मावसबहिणीनं पदर तोंडाला लावला. मामांनी घसा खाकरला आणि माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"शेवटी किती हुतं दात, बाई?"

"सव्वीस."

त्यांनी मनाशी काहीतरी हिशेब केला.

"लई राखलंसा की," ते म्हणाले.